सदऱ्याचं टोक

अलिबागहून निघताना आईने चपात्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "लोक दुष्काळातून पळून येतात, आणि तू तिकडे चाललास!" मी पंपाचा फिटर. बीड जिल्ह्यातल्या एका गावाच्या सहकारी संस्थेने जुनं ऑइल इंजिन घेतलं होतं आणि त्याचा पंप विहिरीतून थेंबभर पाणी चढवत नव्हता. तीन मिस्त्री हात टेकून परत गेले, असा निरोप होता. दुसऱ्याने हात टेकले की माझे हात शिवशिवतात, ही माझी जुनी खोड.

नगर सोडलं, जामखेड मागे पडलं आणि खिडकीबाहेरचा हिरवा रंग संपला. रस्त्याच्या कडेने बायामाणसं खडी फोडत बसली होती. कोकणातल्या माणसाला इतकं मोठं आभाळ बघायची सवय नसते. त्यात एकही ढग नाही म्हटल्यावर मी खिडकीची काच लावून घेतली.

पाटोद्याच्या स्टँडवर संस्थेचे चेअरमन किसनराव घ्यायला आले होते. उंच, पांढरा पटका, हातात बैलगाडीचा कासरा. गाडी गावाच्या वाटेला लागली तशी त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"पाहुणं, नाव येगळंच हाय तुमचं. मुसलमान का ख्रिस्ती?"

"यहुदी. बेने इस्राईल म्हणतात आम्हाला. पूर्वी आमची माणसं तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून कोकणात शनवार तेली."

"तेली व्हय! मग तसं सांगा की. कावून एवढं लांबण लावता?"

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सगळ्या सभासदांनी मिळून विहीर खोल केली होती आणि तळाला झराही लागला होता. पण पाणी वर येईना. शनिवारी संस्थेची सभा होती. तोवर गावच्या हौदात पाणी पडलं नाही, तर इंजिन विकून संस्था मोडायची, असं निम्म्या सभासदांनी ठरवलं होतं. "मोडली तर पुन्ना ही मान्सं एका जागी बसायची न्हाईत," किसनराव म्हणाले आणि त्यांनी बैल दामटले.

संस्थेचे सेक्रेटरी शांतवन मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्तीत राहायचे. माझी उतरायची सोय त्यांच्याकडे होती. मी यहुदी आहे हे कळताच त्यांनी टोपी काढली. डोळे भरून आले त्यांचे.

"सलाम! म्हंजे अब्राहामाच्या वंशातले?"

"आई तरी तसंच सांगते."

पाहुणा आपलं पाणी पिईल की नाही या शंकेने त्यांच्या घरी माझ्यासाठी नवं मडकं आणलं होतं. मिलोची भाकरी (दुष्काळात वाटलेली परदेशी लाल ज्वारी) आणि लाल मिरचीचा ठेचा. भाकरी घशाला टोचत होती, पण इतक्या मायेने वाढली होती की मी चार खाल्ल्या.

सकाळी बाहेर आलो तर अंगणात वस्तीतले दहा जण उभे. मास्तरांनी खूण केली, तसं प्रत्येकाने माझ्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं. मला वाटलं, काही चोरी झाली की काय! मास्तरांनी समजावलं की जखऱ्या संदेष्ट्याने सांगून ठेवलंय, दहा माणसं एका यहुद्याच्या वस्त्राचं टोक धरतील आणि म्हणतील, देव तुझ्याबरोबर आहे, आम्हीही तुझ्याबरोबर येतो.

"मी आत्ता विहिरीत उतरणार आहे," मी म्हटलं. त्यातले चौघे खरोखरच माझ्यामागून उतरले.

दिवसभर मास्तर विहिरीच्या काठावर बसून बोलत राहिले. यहुदी पुन्हा आपल्या देशात गोळा होताहेत, ही शेवटच्या काळाची खूण. सगळे जमले की प्रभू परत येणार, आणि तेव्हा यहुदीसुद्धा त्याला ओळखणार. "तुमी कवा जाणार यरुशलेमला?"

आमच्या आळीतली निम्मी घरं त्या देशात निघून गेली होती. चुलतभावाची तिकडून पत्रं येत होती. जायचं की राहायचं यावरून आमच्या घरात जेवणं अर्धवट राहत, आणि इथे हा माणूस माझ्या तिकिटावर जगाचा शेवट ठरवत होता. मी चिडलोच. "मास्तर, मी माणूस आहे. तुमच्या प्रभूच्या गाडीचा सिग्नल नाही!"

ते उठून घराकडे गेले. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याचा तांब्या खाली सोडला. घरातलं पिण्याचं पाणी होतं ते.

त्या दिवशी विहिरीत काही सापडलं नाही, आणि इंजिन उघडून पाहण्यात पुढचा दिवस फुकट गेला. दोष तिथे नव्हताच. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप फाटली होती आणि एका सांध्यातून हवा शिरत होती. मास्तरांच्या जुन्या वहाणेच्या चामड्याची झडप कापली, सांध्याला सफेत्याचा पांढरा लेप आणि सुतळी भरली. सफेता रात्रभर सुकायला हवा होता. शुक्रवारची उन्हं उतरायला आली होती.

"मंग उद्या सकाळी हँडल मारा," किसनराव म्हणाले.

"उद्या शनिवार. मी यंत्राला हात लावत नाही."

"गावाचा जीव चाललाय अन तुमी वार धरून बसता?" त्यांचा आवाज चढला. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही ओरडलो असतो.

मास्तर मध्ये पडले. "पाव्हण्यांचा शब्बाथ मोडायचा न्हाई. आजच शिकवा आमाला. दिस हाय अजून."

मग मी शिकवलं. ज्यांनी सदरा धरला होता त्यांनाच हँडल धरायला लावलं. इंजिन सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरावा लागतो. घेण्याआधी त्याला द्यावं लागतं. भरताना वरचा लहान नळ उघडा ठेवायचा, म्हणजे आतली हवा निघते. सूर्य टेकला तसा मी हात धुतले.

शनिवारी धुतलेला सदरा घालून मी लिंबाखाली बसलो. सगळं गाव जमलं होतं. किसनरावांनी वरच्या आळीतल्या घरांतून तांबे मागवून पंप भरला. खालच्या वस्तीचं पाणी मागितलं नाही, आणि वस्तीनेही नेहमीप्रमाणे आपले तांबे पुढे केले नाहीत. इंजिन धडधडलं. पाइप कोरडा. गर्दीतून कोणी म्हणालं, "विका आता भंगारात!"

गडबडीत लहान नळ उघडायचा राहिला होता. मला बसल्या जागेवरून दिसत होतं, पण शनिवारी सांगणं हेही कामच. मी जीभ आवरली आणि लिंबाची पानं मोजू लागलो.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पंपाकडे. "आरं, हवा! हवा काढली न्हाई!"

इंजिन थांबवलं, पण पुन्हा भरायचं तर वरच्या आळीतलं पाणी संपलेलं. मास्तरांनी वस्तीकडे हात केला. बाया तांबे घेऊन आल्या आणि चार पावलं दूर थांबल्या. किसनराव क्षणभर तसेच उभे राहिले. मग स्वतः पुढे गेले, मास्तरांच्या बायकोच्या हातातून तांब्या घेतला आणि पंपात ओतला. "या की पुढं! लांब कावून हुभ्या?"

लहान नळातून पाणी उसळलं. तो बंद केला, हँडल फिरलं, आणि पाइपाने आधी गढूळ गुळणी टाकली, मग हाताएवढी जाड धार. हौदावर एकच आरोळी उठली! म्हातारेकोतारे धारेखाली शिरले. वरची आळी, खालची वस्ती, सगळे त्याच धारेत भिजले, आणि संस्था मोडायची सभा भरलीच नाही.

माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. यंत्र त्यांनी चालवलं होतं, पाणी त्यांचं होतं. मी उठलो, धारेखाली नाचणाऱ्या शांतवन मास्तरांजवळ गेलो आणि त्यांच्या ओल्या सदऱ्याचं टोक धरलं. इतका आनंद मला कुठल्याही यंत्राने दिलेला नाही.

चांदण्या दिसून शब्बाथ संपल्यावर मी मालिदा केला (भिजवलेले पोहे, गूळ, फळं, एलिया संदेष्ट्याच्या नावाने आम्ही करतो तो नवसाचा प्रसाद). खोबरं कुठून आणणार, पोह्यांत बोरं घातली. "एलियानं बी दुष्काळातच पाण्यासाठी प्रार्थना केलती," मास्तर म्हणाले. किसनरावांनी दोनदा मागून घेतला. "लई झ्याक! तेली पावला म्हनायचा."

परतीला मास्तर पाटोद्याच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. "मग यरुशलेमला कवा?"

"माहीत नाही. पण ती चामड्याची झडप वर्षभरच टिकेल. बदलायला यावं लागेल."

मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. मग हसले. "मंग प्रभूला सांगतो, वरीसभर दम धर."

घरी आल्यावर आईने सदरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. टोकाला बोटांचे काळे डाग पडले होते, धुऊन गेले नाहीत. वल्हांडणाला, गुलामीतून सुटकेच्या आमच्या सणाला, आम्ही दरवर्षी एकत्र बसून म्हणतो, पुढच्या वर्षी यरुशलेमात. त्या वर्षीही सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं, मोठ्याने आणि मनापासून. मग हळूच पुढे जोडलं, "पण पाटोद्यावरून."