सिस्टरच्या हातातला कापूस

मी सातवीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन धुळ्याकडच्या खेड्यातून बडोद्याला आले, तरी शाळेच्या फाटकातून आत जायचं म्हटलं की मी बाहेरच घुटमळायचे. मुलगी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत दुसरीत होती. तिथे दरवर्षी मुलांची तपासणी व्हायची, दात, डोळे, डोक्यातल्या उवा, आणि सगळ्यांना जंताची गोळी. त्या वर्षी तपासणीच्या सिस्टरनी, म्हणजे नर्सबाईंनी, तिच्या डाव्या कोपराजवळचा फिकट डाग पाहिला आणि तिच्याचकडून निरोप पाठवला, पुढच्या शनिवारी मम्मीला घेऊन ये.

डाग मीही पाहिला होता. जंतांमुळे असेल, म्हणून सोडून दिला होता. पण निरोप ऐकून ह्यांचा चेहराच उतरला. शाळेत डाग कशासाठी बघतात ते ह्यांनीच मला दबक्या आवाजात सांगितलं. महारोगासाठी. तसल्या डागावर काही टेकलेलं कळत नाही म्हणे.

हे एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे होते. आम्ही कारेलीबागेत एका बंगल्यामागच्या खोलीत राहायचो. नळ आणि संडास घरमालकिणीच्या घरच्यांबरोबर. तिला सगळे मासी म्हणत. आमच्या आधीच्या भाडेकरूंना तिने नुसत्या खरजेवरून काढलं होतं, आणि ते ती हसत हसत सांगायची. वर मला म्हणायची, तुम्ही मराठी लोक चोख्खा, म्हणजे स्वच्छ, म्हणून तुम्हाला ठेवलं. आता हे कळलं तर आमचं सामान रस्त्यावर येणार, यात मला शंका नव्हती. बडोद्यात आमचं दुसरं कोणीच नव्हतं.

त्या आठवड्यात हे रोज संध्याकाळी मुलीला समोर बसवायचे. डोळे मिटायला लावायचे, केरसुणीची काडी हाताला टेकवायचे आणि विचारायचे, कुठे लागलं? तिने बरोबर बोट ठेवलं की लिमलेटची गोळी. मी पोळ्या लाटता लाटता बघायचे. पहिल्या दिवशी काडी डागावर टेकली की तिला कळायचंच नाही. आठवडा सरेपर्यंत ती एकदाही चुकेना. मला इतकं हायसं वाटलं की मी कोपऱ्यावरच्या देवळात नारळ बोलून आले.

शनिवारी सिस्टरनी आम्हाला पहिलीच्या रिकाम्या वर्गात बसवलं. बाई पन्नाशीच्या, इथल्याच, मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरणाऱ्या. त्यांनी कापूस वळून बारीक वात केली. आधी डोळे उघडे ठेवून दाखवलं, मग मुलीला डोळे मिटायला सांगितलं. मनगट, दंड, डाग, मुलगी सगळीकडे बरोबर बोट ठेवत होती. मग सिस्टरनी वात नुसतीच हवेत धरली. कुठेच टेकवली नाही. मुलगी जरा थांबली आणि तिने डागाच्या मधोमध बोट ठेवलं. सिस्टरनी पुन्हा तसंच केलं. पुन्हा तिथेच बोट.

"बेटा, आत्ता लागलं तुला?"

"नाही," मुलगी डोळे मिटूनच म्हणाली. "पप्पांनी सांगितलंय, कुठेच नाही लागलं तर मधे दाखवायचं."

सिस्टरनी वात खाली ठेवली. माझ्याकडे वळल्या. "बेन, तुमच्या तोंडून ऐकू दे. डागावर लागतं का तिला?"

लागतं म्हटलं असतं तर आम्ही निघून आलो असतो. माझ्या डोळ्यांपुढे मासी उभी होती. मुलगी मात्र आपला हात अजून तसाच पुढे धरून बसली होती.

"नाही लागत, सिस्टर," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायला स्वतः बरोबर आल्या. गोळ्यांनी बरं होतं, उशीर केला की हातच अधू होतो, हे मला समजेपर्यंत सांगत राहिल्या. महिन्याची मोठी गोळी त्या शाळेतच द्यायच्या, इतर मुलांच्या लोहाच्या गोळ्यांच्या दिवशी, म्हणजे कोणाच्या डोळ्यावर येणार नाही. त्या दिवशी लघवी लाल होईल, मासीने विचारलं तर बीट खाल्लं सांगा, हेही त्यांनीच शिकवलं. मुलीचे हात आज धडधाकट आहेत. मी त्यांची ऋणी आहे, कायमची.

पण तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. लहान पोरीला हे बरेचदा घरातूनच येतं. मला तिथेच तपासलं, काही नव्हतं. म्हणाल्या, आता भाईंना आणा.

हे ऐकून ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला काय धाड भरलीय, एवढंच बोलले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उकाड्यातसुद्धा हे गंजी काढत नसत. आंघोळही गंजी घालून. मी समजत होते, चारचौघांत लाजतात.

कितीतरी शनिवार ह्यांनी टाळले. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही येत नसाल तर मासींना मीच सांगते." मी सांगितलं नसतं. पण ह्यांना ते खरं वाटलं.

शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. हे पहिलीच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले, सदरा काढला, गंजी काढली आणि आपणहून डोळे मिटले. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तांबूस चट्टे होते. सिस्टर कापूस टेकवत गेल्या. खांद्यावर, मधे, खाली, परत वर. मी मागे उभी राहून बघत होते. ह्यांचा हात मांडीवरून हलला नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "सिस्टर, करा ना सुरू."

सिस्टरनी कापूस टेबलावर ठेवला. "झालं, भाई. घाला सदरा."

ह्यांनी डोळे उघडले, ते माझ्याकडे बघत राहिले. मी गंजी उचलून ह्यांच्या हातात दिली. मासीला कधीच काही कळलं नाही. पिठाच्या डब्यामागे मुलीच्या गोळ्यांशेजारी ह्यांच्याही गोळ्या राहू लागल्या. मुलीच्या लवकर संपल्या. ह्यांच्या बरेच दिवस चालल्या, आणि तोवर डाव्या हाताची करंगळी वाकली, ती वाकलीच.