निघतो म्हणून न निघालेला माणूस

मी श्रीरंग. मूळचा निपाणीचा, आता बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजात खरेदी अधिकारी. घासाघीस आणि गप्पा, या दोन कलांवर माझी नोकरी टिकून आहे. कुणाकडेही 'निघतो' म्हटल्यावर मी दारात अर्धा तास उभा असतो. बायको तोवर ऑटोत बसून डुलकी काढते.

यंदा प्राचार्या मैत्रेयी मॅडमनी नवाच नियम काढला. कॉलेजला माल देणाऱ्यांकडे कुणाला वेठीला धरलेलं नाही ना, हे जाऊन पाहायचं. गणवेश जवळच्याच यशवंतपूरच्या मंजुनाथच्या शिवणकारखान्यातून येतात. मी आधी फोन करून गेलो. न सांगता जाणं आमच्यात बरं दिसत नाही! साहजिकच सगळं चकाचक होतं. बायका खाली मान घालून शिवत होत्या. मी उप्पिट खाल्लं, कॉफी प्यालो, 'उत्तम' म्हणालो आणि निघालो.

म्हणजे जिन्याखालपर्यंत पोचलो. तिथला राखणदार शिवाप्पा आमच्या निपाणीशेजारच्या चिकोडीचा निघाला, मग काय विचारता! आम्ही उसावर घसरलो. तेवढ्यात पाहुणे गेले का, हे विचारायला त्याला वरून मालकाचा फोन आला. "निघाले की साहेब," असं सांगून तो उठला आणि बोलता बोलता त्यानं जिन्याच्या जाळीला बाहेरून कुलूप घातलं.

"अहो, वर माणसं आहेत ना?"

"हाईत की."

"मग कुलूप?"

"पळून जात्यात ओ," म्हणून तो पुन्हा उसाकडे वळला.

आवाज ऐकून जाळीमागे एक मुलगी आली. सोनम तिचं नाव. "साहब, माँ बीमार है. आधार कार्ड मालिक ने रख लिया. जाने नहीं देते."

मी ज्या स्वस्त भावाची फुशारकी मारत होतो, तो या कुलपामुळे मिळत होता. लाज वाटली, आणि भीतीही.

मी मॅडमना फोन लावला, त्यांनी कामगार खात्याला. मंजुनाथ वरून धावत आला, जाळीआडूनच म्हणाला, "सर, स्वल्प समजून घ्या." अधिकारी येईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मी पायरीवरच बसकण मारली. त्याला तो सत्याग्रह वाटला.

अधिकारी आले, कुलूप निघालं, कपाटातली सगळ्यांची कार्डं बाहेर आली. सोनम पिशवी घेऊन उतरली. मी ऐटीत म्हणालो, "यशवंतपूर स्टेशन से गाड़ी मिल जाएगी."

"स्टेशन किधर है, साहब? गाड़ी की आवाज़ तो रोज़ सुनती हूँ."

स्टेशन त्याच रस्त्याच्या टोकाला होतं.