ऐंशी किलोमीटरचा उजेड

आमच्या अमरावतीच्या कॉलेजचं नेटवर्क बदलायचं होतं, म्हणून सामान घ्यायला मी अकोल्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, आणि इतकं हळू बोलणारा की काउंटरवर वाकावं लागे. बोलता बोलता तो समोरच्या फायबर केबलच्या उघड्या टोकांना एकेक टोपण लावत होता.

मी यादी पुढे केली. ऑफिसपासून लायब्ररीपर्यंतच्या केबलच्या दोन्ही टोकांना लावायचे, उजेडातून माहिती पाठवणारे आणि वाचणारे मॉड्यूल मी सगळ्यात ताकदवान, ऐंशी किलोमीटरपर्यंत पोचणारे लिहिले होते.

"लायब्ररी किती दूर हाय, सर?"

"दोनशे मीटर."

त्यानं माझ्याच पेनानं ती ओळ खोडली. "एवढ्या जवळून एवढा उजेड मारला तं समोरचा आंधळा होऊन जाते. त्याले काहीच वाचता येत नाही. साधे घेऊन जा."

मी साधे घेतले, जरा नाराजीनंच. परतीच्या गाडीतून बडनेऱ्याला उतरताना लक्षात आलं, दुकानाबाहेर ट्रकांचा एवढा गोंगाट असूनही त्याचा एकही शब्द माझ्याकडून सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तीस मुलांच्या वर्गात मी सवयीनं माइक उचलला, आणि पहिल्या बाकाकडे पाहून परत खाली ठेवला.