समुद्र, धारेच्या वेळेआधी

आम्ही आठ वेळा कोकणात गेलो आणि एकदाही सूर्यास्त बघितला नाही, कारण आमच्या घरचं घड्याळ म्हैस चालवते.

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेपाचला धार काढायची असते. "दुसऱ्या हाताला ती पान्हवत न्हाय," हे आण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, ब्रह्मवाक्य. पंचवीस वर्षांत चार म्हशी बदलल्या, पण प्रत्येक म्हैस नेमकी आण्णांच्याच हाताची निघाली. त्यामुळं पहाटेची धार उरकली की मी गाडी काढायची, घाट उतरायचा, दहाच्या सुमारास मालवण गाठायचं आणि एक वाजता माघारी फिरायचं. किल्ल्याच्या होडीला रांग असली की आण्णा काठावरूनच बोट करायचे. "दिसतोय न्हवं? मग झालं की." मासे खायला बसायचं तर वेळ मोडतो, म्हणून घरून नेलेलं सुकं मटण आणि भाकरी आम्ही समुद्राकडं तोंड करून खायचो.

यंदा आईनं तारकर्लीच्या वाळूत फतकल मारलं. एक वाजला. आण्णांनी गाडीत हात घालून हॉर्न वाजवला, तरी ती उठेना.

"मी सूर्य बुडताना बघणार हाय."

"आगं, आन् धार?"

"शेजारच्या भावजींना सांगा. न्हायतर तुमी जावा, मी यष्टीनं येतो."

आण्णांनी शेजाऱ्याला फोन लावला. पेंड कुठं आहे, कुठल्या बाजूला बसायचं, लाथ कशी चुकवायची, सगळं दोन-दोनदा सांगितलं. मग घरात कुणाचं तरी बाळंतपण अडल्यासारखे ते किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिले. एका होडीवाल्यानं डॉल्फिन बघायला येताय का विचारलं, तर त्या बिचाऱ्यावरच खेकसले.

"हितं म्हशीचं काय झालंय कळंना, आन् डॉल्फिन कसला दावतोस!"

सहा वाजता फोन वाजला. ऐकायला कमी येतं म्हणून आण्णा कायम स्पीकर लावतात.

"काढली की धार! दूध रोजच्याएवढंच. लई गरीब हाय वो तुमची म्हस, शेपूटबी हलवली न्हाय."

मी मोठ्यानं हसलो. आण्णांचं तोंड मात्र एवढंसं झालं. सूर्य पाण्याला टेकत होता, आसपासची माणसं मोबाइल वर धरून उभी होती, आणि आईनं तिकडं पाठ करून आण्णांकडं बघितलं. आवाज चढवला नाही तिनं.

"म्हंजे माझी आई शेवटची हातरुणाला लागली हुती, तवा चंदगडात तिच्यापाशी एक रात ऱ्हायला आलं आसतं की."

आण्णांनी फोन खिशात घातला. मला समुद्राकडंही बघवेना आणि आईकडंही. त्या दिवशी धारेची वेळ झाली म्हणून तिला आजीच्या उशापासून उठवून गाडीत बसवणारा मीच होतो.