चाकू कुठपर्यंत गेला

अक्का जेवता जेवता ऑपरेशनं वाचायची. डब्यात भात आणि सिरोंच्याच्या घरून आलेली सुकी मासळी, समोर संगणकावर कुणाचं तरी सडलेलं आतडं. डावा हात माऊसवर, उजवा भातात. किती कापलं, काय जोडलं, काय काढून टाकलं, हे ती घास न थांबवता वाचून काढायची. माझा हात डब्यावर थबकलेला दिसला की म्हणायची, "खाऊन घे. त्याचं आतडं तुह्या डब्यात नाई पडलं."

चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात, जुन्या फायलींच्या कपाटांमागे आमची खोली होती. ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं याचा सर्जनने लिहिलेला रिपोर्ट आमच्याकडे येई. तो वाचून प्रत्येक कामाला ठरलेला कोड लावायचा, आणि त्या कोडवर विमा कंपनीकडे कागद जात. अक्का त्या खोलीची प्रमुख. तिच्या घरी तेलुगू बोलत, आणि तेलुगूत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. धाकटा भाऊ मल्लेश तिला भेटायला आला की दारातूनच तशी हाक मारी, म्हणून आम्हीही तिला अक्का म्हणू लागलो. पाठीमागे मात्र सगळे तिला कसाईण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

मी नवीन असताना एटापल्लीकडच्या एका बाईचा रिपोर्ट आला. मोहफुलं वेचताना अस्वलाने तिचा चेहरा फाडला होता. टाक्यांचा कोड जखमेच्या लांबीवरून ठरतो, आणि चेहऱ्यावरच्या सारख्या जखमांची लांबी एकत्र मिळवावी लागते. कपाळ, नाक, ओठ असं करत मी गालापर्यंत आले आणि मला रडू फुटलं. अक्काने मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि तो रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला. हुंदका आला की पुन्हा पहिल्या ओळीपासून. वाचून संपल्यावर म्हणाली, "तिले तुह्या रडण्याचा काई उपयोग नाई. बेरीज कर." माझी बेरीज चुकली. ती तिने सगळ्यांदेखत पुन्हा करायला लावली.

तिचं एक सांगणं होतं: "वरचं नाव वाचू नको. चाकू कुठपर्यंत गेला ते वाच." रिपोर्टच्या डोक्यावर पुष्कळदा ठरवलेल्या ऑपरेशनचं नाव असतं, खरं काय घडलं ते खालच्या मजकुरात. नुसतं वरचं नाव पाहून कोड लावणाऱ्याला ती सोडत नसे. आमच्यातला निखिल दोन पोरांचा बाप होता. एकदा त्याला तिने याच चुकीसाठी अख्खी दुपार भिंतीकडे तोंड करून बसवलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही आला नाही. अक्काने त्याची खुर्ची मला दिली. माझी मोडकी होती.

तरी मी टिकले. एकदा ताप चढला तेव्हा तिने मला माझ्या भाड्याच्या खोलीतून उचलून आपल्या घरी नेलं, पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मी तिच्याकडे जरा जास्तच मायेने पाहिलं असावं. ती म्हणाली, "तशी पाहू नको. काम अडून राह्यलं माहं."

वडील गेल्यावर मल्लेशला अक्कानेच वाढवलं होतं. त्याच्यासाठी तिने लग्न केलं नाही, असं तिची आई गावाहून आली की आम्हाला सांगायची. तो माजरीला कोळशाचा ट्रक चालवायचा. एका सकाळी कामावर जाताना त्याची मोटारसायकल एका ट्रकखाली आली. त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं. पाय वाचणार नव्हता, पण गुडघा वाचवू, असं सर्जनने आत नेण्याआधी त्याला सांगितलं होतं. गुडघा असला तर नकली पायावर नीट चालता येतं. मल्लेश तेवढं एक धरून आत गेला.

गुडघा वाचला नाही. सर्जनने बाहेर येऊन आईला आणि अक्काला तसं सांगितलं. आईने हात जोडून सगळ्यांना विनवलं, इतक्यात त्याला सांगू नका, थोडी ताकद येऊ द्या.

त्याचा रिपोर्ट आमच्या खोलीत आला तेव्हा मी तो घ्यायला पुढे झाले. अक्का म्हणाली, "सरक." वर अजून गुडघ्याखालचंच ऑपरेशन लिहिलेलं होतं. खाली मांडीचं हाड कुठे कापलं ते होतं. तिने पूर्ण वाचलं, मांडीचा कोड लावला आणि उठली. तिचा चेहरा पाहून मी मागोमाग गेले.

वॉर्डात मल्लेशच्या कमरेखाली चादर पसरलेली होती. आई उशाशी बसली होती. अक्काला पाहून तो क्षीण हसला.

"अक्का, गुडघा आहे ना माहा?"

"नाई," अक्का म्हणाली. "मांडीतून कापला."

आई उठून उभी राहिली. मल्लेश आईकडे बघत राहिला, मग चादरीकडे. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाला, "जा तू इथून. आता येऊ नको." आईने अक्काच्या दंडाला धरून तिला वॉर्डाबाहेर काढलं.

तो खरंच तिला पुन्हा भेटला नाही. दवाखान्यातून सुटला तेव्हा अक्का फाटकापाशी उभी होती. त्याने रिक्षाचा पडदा ओढून घेतला. गावी, सिरोंच्याला, त्याने मोबाइलचं दुकान टाकलं. अक्का सणाला घरी गेली की तो दुकानातच झोपायचा. पुढे तिने जाणंच सोडलं. मासळीही यायची थांबली. डब्यात ती वरण-भात आणू लागली.

एकदा धीर करून मी तिला विचारलं, थोडे दिवस थांबता आलं नसतं का?

"तो चादरीखाली हात नेत होता," ती म्हणाली. "आईचा डोळा लागला असता आणि त्याले एकट्याले सापडलं असतं. कोणी तरी जवळ असताना कळावं म्हटलं." मग म्हणाली, "आता ते पित्ताशय पुरं कर."

गेल्या वर्षी खोलीत काम करता करताच अक्का खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन केलं, पण ती शुद्धीवर आली नाही. आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. शेवटी मीच होते.

मल्लेश पोचला तेव्हा ती गेलेली होती. कुबड्या घेऊन आलापल्लीमार्गे बसने आला होता, शर्ट घामाने भिजलेला. आधीच आलेल्या नातेवाइकांनी त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं, तिने तुझी फार आठवण काढली, तुझंच नाव घेत गेली. तो ऐकत राहिला. ते पाणी आणायला गेले तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं.

"तुम्ही होता ना बाई तिच्यापाशी? माहं नाव घेतलं काय तिनं?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तो त्यासाठीच माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "तिला शुद्धच नव्हती. ती काहीच बोलली नाही."

त्याच्या हातातली कुबडी फरशीवर पडली. ती उचलायला मी वाकले तेव्हा तो म्हणाला, "मग मी आता कायले आलो?"

मी त्याच्या शेजारी बसून राहिले. नातेवाईक पाणी घेऊन परतले; त्याने ते घेतलं नाही. मग माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून तो उठला आणि म्हणाला, "चला. दाखवा."