पुसलेल्या ओव्यांसाठी माईक

दुकानदारानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि काउंटरवरचा माईक चालू केला. मला वाटलं, आता गाणं लागेल. गाणं नव्हतंच. नुसतं दुकान ऐकू येत होतं. वरचा पंखा, रस्त्यावर दोघा रिक्षावाल्यांचं भांडण, दुकानदाराच्या खिशातल्या किल्ल्या. आणि कोणीतरी अगदी कानाशी येऊन श्वास घेत होतं. मी दचकून मागं बघितलं. मागं भिंत.

"तुमचाच श्वास आहे बाबा," दुकानदार हसला. "कंडेन्सर माईक आहे. हा काही सोडत नाही."

मी हेडफोन काढून ठेवला. "दुसरा दाखवा. सगळं ऐकत बसत नाही असा."

मी शाळा चौथीपर्यंत केली, तीही निम्मी गुरांमागं. पण माईकला भिणारा माणूस मी नव्हे. मखमलाबादपासून दिंडोरीपर्यंत तीस वर्षं भजनं म्हटली. पेटी माझी आणि पुढचा माईकही माझाच. तोंडापासून किती बोटं लांब धरला की शिट्टी मारत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तसं मी दुकानदाराला ऐकवलंही. तो भला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "स्टेजचं वेगळं बाबा, घरचं वेगळं. रेकॉर्ड काय करायचंय?"

"भजन," मी म्हणालो.

खोटं होतं. मला हळदीच्या ओव्या भरून घ्यायच्या होत्या. पुरुषमाणसानं दुकानात उभं राहून तसं सांगणं मला जमलं नाही.

आमच्यात लग्नाआधी जात्याला सुपारी आणि आंब्याचं पान बांधतात आणि बायका ओव्या म्हणत हळद दळतात. पुरुषांनी तिथं थांबायचं नाही, म्हणायचं तर लांबच. आमच्या भावकीत माझ्या बायकोवाचून त्या दिवशी जातं हलत नसे. एरवीही दुपारी बाजारासाठी हार ओवायला बसली की ती त्याच ओव्या गुणगुणायची. हातात झेंडू, नजर दाराबाहेर. मी ओट्यावर डोळे मिटून पडायचो आणि ऐकायचो. तिला वाटायचं, झोपलाय.

तिच्या भावानं एकदा टेप आणून तिच्या ओव्या कॅसेटमध्ये भरून घेतल्या. एक बाजू पूर्ण भरली. वर कोणी काही भरू नये म्हणून त्यानं कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन दात मोडून टाकले. ते मोडले की टेपचं लाल बटण दाबलंच जात नाही.

पुढं आमच्या मंडळाला एका स्पर्धेला जायचं होतं. सराव टेपवर घेऊन आपल्या चुका ऐकाव्यात, असं मीच काढलं. मंडळी बसली, तबला लागला आणि कोरी कॅसेट नाही. दुकान कोपऱ्यावर होतं. मी गेलो नाही. मला घाई. घरात ती कॅसेट दिसली. दात मोडलेल्या जागी मी चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं. ती घरातच होती, चांगली धडधाकट होती. पुन्हा म्हणेल, असं वाटलं.

चुकून झालं असं मी म्हणू शकलो असतो. पण चिकटपट्टी चुकून लागत नाही.

तिला आठ दिवसांनी कळलं. कॅसेट हातात घेऊन तिनं त्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चांगलं आलंय का भजन?" एवढंच. नंतर तिचा भाऊ दोनदा टेप घेऊन आला. दोन्ही वेळा तिचा घसा बसलेला. हार ओवताना गुणगुणायची तेही थांबलं. निदान मी घरात असताना तरी.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

माझं भजन कॅसेट संपायच्या जरासं आधी संपलंय. त्याच्या पुढं तिचं थोडं उरलंय. एका ओवीची शेवटची ओळ:

"उन्हात उभी कोण, तिला मांडवात घ्या गं."

मग जात्याचे दोन फेरे, बांगड्या, आणि तिचं बोलणं, "बंद करा आता." मग खट्ट.

उन्हात कोण उभी, ते आधीच्या ओळीत असणार. त्या ओळीवर मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय. तिच्या बाकीच्या ओव्या मला पाठ आहेत. ही एकच आठवत नाही.

दर वर्षी पितृपक्षात तिच्या तिथीला, सगळे जेवून पांगले की, मी ते एवढंसं ऐकायचो. पहिल्या वर्षी ती होती. पुढच्या वर्षी आवाज जरा जड वाटला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. यंदा लावली तर पुरुषाचा आवाज आला. टेपच्या आतला रबरी पट्टा सैल पडला की चाक हळू फिरतं आणि आवाज जाड होतो, हे मला ठाऊक आहे. तरी अंगावर काटा आला. कारण आवाज ओळखीचा होता. मीच म्हणतोय असा.

पुढच्या पितृपक्षापर्यंत ती एक ओळही तिची राहणार नव्हती. माझाच आवाज तिथंही पोचणार होता.

त्यातच नातीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचं. सून म्हणाली, "आबा, आईंची ती कॅसेट कुठंय? पेनड्राइव्हवर घेऊ. हळदीला लावता येईल."

"उंदरानं खाल्ली."

"कधी?"

"झाली की वर्षं."

"आणि आत्ता सांगताय?"

नात लॅपटॉपवरची मान न उचलता म्हणाली, "मग तुम्हीच म्हणा ना आबा. पाठ आहेत तुम्हाला. आजी सांगायची, तुझा आजा झोपेचं सोंग घेऊन ऐकतो."

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, कोणाला विचारणार? मी म्हणालो, बायकांची गाणी पुरुषानं म्हणायची नसतात, आणि मळ्यात निघून गेलो. चार-पाच दिवस कोणाशी धड बोललो नाही. दसऱ्याला माझ्या वाट्याच्या चार सऱ्यांचा झेंडू विकला आणि त्या पैशांत मावेल ते घ्यायला शहरात, शालिमारच्या पुढच्या गल्लीतल्या या दुकानात आलो. मुलगा पैसे देत होता. मी घेतले नाहीत.

दुकानदारानं दुसरा माईक दाखवला. जाड, काळा, आम्ही भजनाला वापरायचो त्याच जातीचा. "हा तोंडापुरतंच घेतो. पण घरात गायचं असेल तर मी तुम्हाला तो पहिला—"

"हाच द्या."

माईक, लॅपटॉपला जोडायची एक डबी आणि वायर घेतली. स्टँड नको म्हणालो, डब्यावर ठेवीन. हेडफोन तर नकोच म्हणालो.

"हेडफोनवाचून कसं कळणार बाबा, काय भरलं जातंय ते?"

"माझा गळा मला कळतो."

घरी नातीनं सगळं जोडून दिलं. मी दोन ओव्या म्हटल्या. सुनेनं ऐकल्या आणि पदर तोंडाला लावला. "लय भारी, आबा. आता मतदान कधी आहे तेवढं सांगा."

मी चिडलो. दोन दिवस त्याच माईकशी झगडलो, जवळ धरून, लांब धरून. सुनेचं खरं होतं. आवाज स्वच्छ येत होता, पण त्याला घर नव्हतं. कोणीतरी मोकळ्या मैदानात एकटाच उभा राहून लेकीबाळींना हाका मारतोय, असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात.

"भजन नीट आलं नाही का?"

"भजन नाहीये," मी म्हणालो. "बायकोच्या ओव्या आहेत. ती नाहीये आता."

त्यानं काळा माईक परत घेतला आणि मला घाबरवणारा तो पहिला काढून दिला. किमतीतला फरक मी भरला, त्यातच एक जुना हेडफोनही दिला, एका कानाची गादी फाटलेली. "त्या ज्या खोलीत म्हणायच्या तिथंच लावा," तो म्हणाला. "भिंतींवर गोधड्या टांगा, म्हणजे घुमणार नाही."

गोधड्या तिनंच शिवलेल्या. तिच्या जुन्या लुगड्यांच्या. चारी भिंतींना त्या टांगल्या, पंखा बंद केला आणि हेडफोन घातला. आधी काहीच नाही. मग श्वास. माझाच, हे आता ठाऊक होतं. तरी मी मागं वळून बघितलं. मागं तिचं हिरवं लुगडं लोंबत होतं.

पहिली ओवी धरली आणि लय सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. जात्यावाचून ओवी चालत नाही हे तीस वर्षं पेटी वाजवून मला माहीत नव्हतं. सुनेला माहीत होतं. तिनं जातं ओढून आणलं, मूठभर हळकुंडं कुटून घातली आणि खुंटा धरला. "म्हणा."

जातं फिरलं. आणि माझ्या दोन्ही कानांत बांगड्या वाजल्या. इतक्या जवळ, की हात लावला असता.

मी हेडफोन काढून ठेवला.

"काय झालं, आबा?"

मी उठून ट्रंक उघडली. रुमालात गुंडाळलेली कॅसेट सुनेपुढं ठेवली आणि जे केलं ते सांगितलं. ती सगळं ऐकत होती. कॅसेट उलटी करून तिनं पाठ बघितली. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण निघाली नव्हती.

"म्हणजे उंदीर तुम्हीच."

कोणी हसलं नाही. तिनं कॅसेट लॅपटॉपपाशी बसलेल्या नातीच्या हातात दिली आणि माझ्याकडं पाठ करून जात्याशी बसली. "म्हणा पुढं. हळद सांडतीय."

मी अकरा ओव्या म्हटल्या. सबंध वेळ तिनं वळून बघितलं नाही. संध्याकाळी चहा ठेवला तोही नातीच्या हाती पाठवला.

दुसऱ्या दिवशी नातीनं टेपची वायर डबीत खोचली आणि तेवढा शेवटचा तुकडा लॅपटॉपवर घेतला. आवाज जाडच होता. ती म्हणाली, "मी वर नेत जाते आबा. आजी आली की सांगा." तिनं एकेक पायरी चढवली. मी हेडफोनची एक बाजू कानावर घट्ट दाबून धरली. मध्ये एक जागा अशी आली की आवाज अर्धा माझा आणि अर्धा तिचा. तिथं मी डोळे मिटून घेतले.

"आबा, इथं का?"

"ने वर."

आणखी दोन पायऱ्या. मग मला सांगावं लागलंच नाही. हेडफोनची दुसरी बाजू तिच्या कानाला होती. तीच म्हणाली, "आजी."

हळदीच्या दिवशी मी ओट्यावर बसलो, नेहमीच्या जागी. आत स्पीकर लावला होता. माझ्या ओव्या सुरू झाल्या तशी बायकांत खसखस पिकली. "अगं बाई, कोण म्हातारा घुसलाय हळदीत?" पण जातं चालू राहिलं, आणि चौथ्या-पाचव्या ओवीपासून त्याही मागून म्हणू लागल्या. अकरावी संपली. मग जुन्या टेपची खरखर, आणि ती ओळ.

उन्हात उभी कोण, तिला मांडवात घ्या गं.

जातं थांबलं. मला दारातून दिसत होतं. सून चटईवर थोडी बाजूला सरकली. तिच्या शेजारची सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

"बंद करा आता," स्पीकरमधून ती म्हणाली. बंद करायला कोणी उठलं नाही.

नात सासरी गेली. जाताना जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. सून आता बोलते माझ्याशी, पण कॅसेट तिनं तिच्या कपाटात ठेवलीय. भजनाची बाजू मात्र नातीनं जाण्याआधी लॅपटॉपमध्ये घेऊन दिलीय. दुपारी मी तो फाटका हेडफोन घालतो आणि माझं भजन लावतो. माझ्या आवाजाखाली, खूप खोल, काहीतरी फिरतंय असं वाटतं. नात फोनवर सांगते, "आबा, पुसलेलं परत येत नसतं." तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी मी लावतो. ती ओळ जिथं असायला हवी तिथं आलो की त्या गाणाऱ्याला म्हणतो, गप की रे. एका ओळीपुरता तरी गप बस.

तो बसत नाही.