पिवळी चाकं आणि ताकाचा पेला

उचगावच्या फाट्यावर चन्नाप्पा मिस्त्रीच्या शेडमध्ये ट्रक तपासायला आणला की मालकाला आधी ताक मिळायचं. प्यायला नव्हे, धरायला. चन्नाप्पाची बायको गौराबाई कल्हई केलेला पितळी पेला काठोकाठ भरून मालकाच्या हातात द्यायची. मालकाने पेला घेऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायचं आणि गाडी हायवेवर काढायची. चन्नाप्पा मधल्या इंजिनाच्या झाकणावर मांडी घालून बसे. त्याचा एक तळवा स्टेअरिंगच्या दांड्यावर असे, दुसरा सीटखालच्या लोखंडावर. ताक कुठल्या वेगाला हिंदकळतं त्यावरून गाडीचा रोग कळतो, असं तो गंभीर चेहऱ्याने सांगे. लोकांचा त्यावर इतका विश्वास बसला होता की जयसिंगपूरचा एक व्यापारी घरून दह्याचं गाडगंच घेऊन आला. दाट असेल तर निदान जास्त पक्कं होईल, असा त्याचा हिशेब.

खरं कारण फक्त गौराबाईला ठाऊक होतं. रोग चन्नाप्पाला तळव्यांतून कळायचा. पेला असायचा तो मालकाचं तोंड बंद ठेवायला. भरलेला पेला मांडीवर घेऊन बसलेला माणूस बोलत नाही, हे चन्नाप्पाने फार पूर्वी हेरून ठेवलं होतं.

चन्नाप्पा मूळचा संकेश्वरच्या पलीकडचा, लिंगायत किराणा दुकानदाराचा मुलगा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. दुकानातला तराजू आतून कसा चालतो हे बघायला त्याने तो दोनदा खोलला, आणि दुसऱ्यांदा जोडला तेव्हा गुळाचं वजन गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकू लागलं. बापाने त्याला कोल्हापूरला उद्यमनगरात एका उस्तादाकडे पाठवलं. तिथून निघाल्यावर त्याने उचगावला स्वतःची शेड टाकली. तो फक्त पुढच्या चाकांचं काम घ्यायचा. इंजिन बिघडलं की आवाज करतं, ते कुणालाही कळतं, असं तो म्हणे. चाक मात्र गुपचूप खोड्या काढतं, आणि खोड्या ओळखायला खोडकर माणूस लागतो.

नव्व्याण्णव साली, दसरा होऊन दिवाळी जवळ आली असताना, बाबासो मगदूम आपला जुना ट्रक घेऊन त्याच्याकडे आले. बाबासो हातकणंगल्याकडचे जैन शेतकरी, जोडीला वाहतुकीचा धंदा. इचलकरंजीहून कापडाच्या गाठी भरायच्या आणि कोल्हापूरला पोचवायच्या. ट्रक एकच होता आणि तो चालवायला जोतीराम नावाचा त्यांच्याच गावचा ड्रायव्हर होता. पण गाडी जोतीराम एकटा कधीच चालवत नसे. पांढरं धोतर, टोपी, मांडीवर डबा आणि छत्री अशा थाटात बाबासो प्रत्येक फेरीला शेजारी बसत आणि जोतीरामच्या प्रत्येक गिअरवर मत देत.

त्या दिवशीही गाडीत गाठी होत्या, पण गाडीपेक्षा जोतीरामचीच तपासणी होती. ट्रकचं पुढचं चाक फडफडत होतं. टायर बदलले, तरी फडफड गेली नाही. डिस्क, म्हणजे टायर ज्या लोखंडी थाळीवर चढतो ती, नवी आणली, तरी नाही. शिवाय चाकाचे नट सारखे ढिले पडत. जोतीराम रोज सकाळी ते आवळतो म्हणे, पण ढिले नट सगळ्यांना दिसत होते आणि आवळणारा जोतीराम कुणालाच दिसत नव्हता. बाबासोंनी निष्कर्ष काढला होता. दरवर्षी दसऱ्याला हा सासुरवाडीला जातो, तिथून आळस घेऊन येतो आणि त्यानंतरच गाडी थरथरायला लागते. त्यांनी गावात बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर चार लोकांपुढे शब्द टाकला होता आणि दुसऱ्या एका ड्रायव्हरला सोमवारी यायला सांगूनही टाकलं होतं.

तोच शब्द त्यांनी चन्नाप्पापुढे पुन्हा उच्चारला.

“ज्याच्या हातानं ह्या गाडीची ही दशा झाली, त्यानं ह्या केबिनात बसायचं न्हाय. आज उतरायचं. माझा शब्द हाय.”

“कुनी का आसंना?” चन्नाप्पाने विचारलं.

“कुनी का आसंना.”

“गौरा, ऐकलंस न्हवं?” चन्नाप्पा म्हणाला आणि पेला भरायला लावला.

जोतीराम केबिनात चढून स्टेअरिंगवर बसला. त्याला दुसरं काम मिळालं असतंही. पण गावातून नट न आवळणारा ड्रायव्हर म्हणून निघालेल्या माणसाच्या हातात नवा मालक चावी देताना विचार करतो, हे त्याला माहीत होतं.

गाडी पंचगंगेच्या पुलाच्या दिशेने निघाली. ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं. चाळीस ओलांडले तसं स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलू लागलं, कुणी मान हलवून नाही नाही म्हणावं तसं. बाबासोंनी तोंड उघडलं, तेवढ्यात ताक धोतरावर आलं आणि त्यांनी तोंड मिटलं. पुलावरून वळून परत येईपर्यंत पेल्यात निम्मंच उरलं होतं.

“किंगपिन,” खाली उतरून चन्नाप्पाने जाहीर केलं. पुढचं चाक ज्या खिळीवर दोन्हीकडे वळतं ती खिळी जुन्या गाड्यांत झिजते, हे खरं होतं. जॅक लावला, चाकाखाली पहार घालून चाक उचकून पाहिलं. खिळी जराही हलली नाही. चन्नाप्पाने हट्टाने ती उघडली. आत सगळं नवंकोरं होतं. जोतीरामने गेल्याच वर्षी बसवून घेतलं होतं.

“ताक नासलं वाटतं, मिस्त्री,” बाबासो म्हणाले. ड्रायव्हरचा दोष सिद्ध होत चालला, म्हणून ते खुशीत होते.

चन्नाप्पाने पेल्यातलं उरलेलं ताक पिऊन पाहिलं आणि ताक चांगलं आहे, आपलंच चुकलं, असं सांगितलं. चुकल्यावर ओशाळायचं असतं हे त्याला कधी कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. त्याने खिळी परत बसवली, खडू घेतला, उचललेलं चाक हाताने गरगर फिरवलं आणि खडू रिमच्या कडेजवळ स्थिर धरला. चाक थांबलं तेव्हा खडूची रेघ एकाच बाजूला उमटली होती. म्हणजे चाक वाकडं फिरत होतं. आणि ही तर नवी डिस्क.

“आता स्टेपनी काढ,” तो जोतीरामला म्हणाला.

स्टेपनी चासीच्या पोटाखाली टांगलेली होती, चिखलाने लिंपलेली, गंजलेली. तीच त्या जागी चढवली आणि फिरवली. खडूची रेघ सगळीकडे सारखी आली. तोच ट्रक, तीच जागा, आणि गंजकं चाक मात्र सरळ. चन्नाप्पा उठला आणि भिंतीला टेकवलेल्या नव्या चाकाजवळ जाऊन बसला. चाक पिवळंधमक होतं, कडेने लाल पट्टा. त्याने नट बसायच्या भोकात नख घातलं. नख लोण्यात जावं तसं आत गेलं. त्याने बोट नाकाशी नेलं, वास घेतला आणि त्याचा आवाज एकदम गोड झाला. हा आवाज ऐकल्यावर गौराबाई हातातलं काम सोडून दारात येऊन उभी राहिली.

“आण्णा, चाकं लई देखनी हायती. पेंटर कोन तुमचा?”

“पेंटर?” बाबासोंना तो शब्द झोंबला. “खंडेनवमीला ह्या चाकांस्नी दुसऱ्याचा हात लागू देत न्हाय मी.”

मग ते सविस्तर सांगू लागले. दरवर्षी खंडेनवमीला सगळी चाकं उतरवून अंगणात पोत्यांवर आडवी घालायची. स्वतः पाट घेऊन बसायचं. पिवळ्याचे दोन हात, मग लाल पट्टा. त्यांची बायको सुरेखा मागून हळदीकुंकू घेऊन उभी. जोतीराम नेमका तेव्हा सासुरवाडीला, त्यामुळे लुडबूड करायला कुणी नाही.

“मागनं बी रंगवता?”

“मग? दिसत न्हाय म्हनून सोडायचं व्हय? आमच्यात तसलं चालत न्हाय.”

“आनि ही भोकं?”

“भोकात बी. गंज तितनंच लागतोय की.”

“आदीचा रंग खरवडत आसशीला.”

“लक्ष्मी खरवडत्यात व्हय, मिस्त्री?”

“आनि ही नवी डिस्क?”

“ती रंगवूनच चढवली. काळं चाक मी दारात उभं करत न्हाय.”

“वाळायला येळ लई लागत आसंल.”

“येळ कुटला? सांजंला चाकं चढवून पूजा, आनि ह्यो सासुरवाडीस्नं आला की लगोलग गाठी भराय जायाचं.”

जोतीराम हातात पाना धरून शेडच्या पत्र्याकडे बघत होता. गौराबाई तोंडाला पदर लावून आत गेली. चन्नाप्पाने पटाशी आणली आणि दोन्ही हातांनी बाबासोंपुढे धरली.

“दुसऱ्याचा हात लागाय नको म्हंतासा. तवा तुमीच खरवडा.”

बाबासो खरवडू लागले. नव्या डिस्कवरचा रंग मलईसारखा निघाला. दुसऱ्या बाजूच्या जुन्या चाकावरून मात्र पापुद्रे निघाले. पिवळ्याखाली पिवळा, त्याखाली नारिंगी, त्याखाली हिरवा. नारिंगी होता तो मुलीच्या, आदितीच्या लग्नाच्या सालचा. हिरवा गाडी घेतली त्या वर्षीचा. हे बाबासोंनीच ओळखलं आणि ओळखल्यावर त्यांचा हात मंदावला.

चन्नाप्पाने सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. चाकाचं लोखंड मागच्या ब्रेकड्रमच्या लोखंडावर सपाट बसलं पाहिजे. मध्ये रंगाचा थर आला की चाक तिरकं बसतं. ओला थर नटाखाली चेपतो, मग कितीही आवळला तरी नट सकाळी ढिला. स्टेपनी पोटाखाली असते, ती कुणाला दिसत नाही आणि रंगवायची आठवणही कुणाला होत नाही, म्हणून ती वाचली. संक्रांतीपर्यंत थर पुरता चेपून बसतो आणि फडफड कमी होते. बाबासो त्याला जोतीराम वळणावर आला असं म्हणत होते.

हातात पेला नसतानाही बाबासो गप्प होते.

पुढची दोन्ही चाकं मागून लखलखीत खरवडून परत चढवली. जोतीरामने नट आवळले. या वेळी बाबासो जवळ उभं राहून बघत होते. पुन्हा पेला भरला, पुन्हा पुलापर्यंत फेरी झाली. चाळीस गेले, पन्नास गेले. ताकावर बारीक सुरकुती आली, थेंब सांडला नाही. शेडजवळ गाडी थांबली तेव्हा पेला होता तसा भरलेला होता. बाबासोंनी तो गौराबाईच्या हातात दिला आणि सीटवर मागे रेलून जोतीरामला चल म्हणाले.

“आण्णा,” खालून चन्नाप्पा म्हणाला, “सकाळचा तुमचा शब्द काय हुता? माझ्या ध्यानातनं गेला बगा.”

बाबासोंनी बराच वाद घातला. रंग ही पूजा आहे, पूजेला दोष म्हणत नाहीत. मालक गाडीतून उतरतो असं कुठं ऐकलंय का? शब्द नोकरासाठी होता. गौराबाईने एवढंच विचारलं की सकाळी इथं शेडमध्ये बोलताना आण्णांनी नोकर म्हटलं होतं की कुणी का आसंना म्हटलं होतं. त्यावरही ते हलले नाहीत. शेवटी जोतीराम मध्ये पडला.

“ऱ्हाऊ दे, मिस्त्री. मालकांस्नी माफ करूया.”

त्याच्या चेहऱ्यावर रेघही हलली नाही. बाबासोंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. वर्षानुवर्षं गिअर चुकल्याबद्दल ते ज्याला माफ करत आले होते, तो आज त्यांना माफ करत होता. त्यांनी डबा घेतला, छत्री घेतली, दार उघडलं आणि धोतर सावरत खाली उतरले.

“मी येश्टीनं येतो,” ते म्हणाले. “गाठी नीट उतरून घे. आनि जाता जाता त्या सोमवारच्याला सांग, काम न्हाय म्हनावं.”

ते स्टॉपकडे चालू लागले. मागे वळून त्यांनी नटांबद्दल काहीतरी सांगितलं, पण तोवर इंजिन चालू झालं होतं.

जोतीरामने लगेच गाडी काढली नाही. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून गौराबाईकडे तो भरलेला पेला मागितला आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर, बरोबर मधोमध, दोन फडक्यांच्या बेचक्यात बसवला.

“आता कशाला?” गौराबाई म्हणाली. “गाडी बरी झाली न्हवं?”

“सवय हाय, वैनी. शेजारी कोन तरी लागतंय.”

स्टॉपवर उभ्या असलेल्या बाबासोंसमोरून जाताना त्याने मोठा हॉर्न दिला. पुढच्या खंडेनवमीला बाबासोंनी चाकं रंगवली, पण फक्त पुढच्या बाजूने आणि भोकांत कागदाचे बोळे घालून. जोतीराम त्या वर्षी सासुरवाडीला गेला नाही. पितळी पेला मात्र परत आला नाही. गौराबाई तो मागत राहिली, आणि जोतीराम सांगत राहिला की तो कामावर आहे.